डेनिस गॅरिटीचा खून

वॉरनचं भाषण चौथ्या पानावर आलं तरी टेबलावरची भाजलेली कोंबडी कापायला कुणी सुरी उचलली नव्हती.

"'त्या दिवसांत या प्रदेशात कायदा म्हणजे ज्याच्या हातात बंदूक त्याचा शब्द,'" वॉरन उभा राहून वाचत होता. "'जज्ज एबेन हॅस्किन्स यांनी पहिलं कोर्ट भरवलं ते घोड्यांच्या तबेल्यात. ज्यूरीतली माणसं गवताच्या भाऱ्यांवर बसली होती. आरोपीला भिंतीतल्या खुंटीला बांधलं होतं.'"

"खांबाला," जज्जसाहेब म्हणाले. "खुंटीवर आमच्या टोप्या होत्या."

सायलस हसला. वॉरनने खिशातून पेन्सिल काढून दुरुस्ती केली. थोरल्या भावाचं हे असंच. बापाच्या तोंडून पडलेला शब्द तो लगेच टिपून घेई, आणि धाकट्याला त्याचंच हसू येई.

नोरा रश्शाचं भांडं हातात धरून उभी होती. रस्सा निवत चालला होता, पण भाषणाच्या मध्येच वाढायला लागणं सासूबाईंना चाललं नसतं.

तीन वाजता कोर्टाच्या आवारात जज्जसाहेबांचा निरोपसमारंभ होता. नोव्हेंबरात डकोटा प्रदेशाला अमेरिकेतल्या राज्याचा दर्जा मिळणार, वॉशिंग्टनहून नेमलेले जज्ज घरी बसणार आणि लोकांनी निवडलेले येणार. रिकाम्या होणाऱ्या त्या खुर्चीसाठी वॉरन उभा होता. मतदान तोंडावर आलं होतं. भाषण बापाच्या आयुष्यावर असलं तरी ते कुणाच्या कामाचं आहे, हे टेबलाभोवती सगळ्यांना कळत होतं. ओहायोहून गाडी हाकत आलेला वकील, पिठाच्या पोत्यात भरलेली कायद्याची पुस्तकं, भर हिवाळ्यात वस्तीवस्तीतून कोर्ट भरवत हिंडणं, घोडेचोरांना झाडाला लटकवायला निघालेल्या जमावापुढे एकट्याने उभं राहणं, सगळं त्यात होतं आणि सगळं खरं होतं.

फाशीच्या शिक्षांबद्दल एकच वाक्य होतं. "'न्यायाचं कठोर ओझंही त्यांनी स्वच्छ मनाने वाहिलं.'" ते वाचताना वॉरनने नोराकडे बघायचं टाळलं.

त्याने तसं टाळायची गरज नव्हती. नोराला सवय होती. ती डेनिस गॅरिटीची मुलगी. नदीवर तराफा चालवणाऱ्या गॅरिटीने आपल्या भागीदाराला, लेम स्ट्राउडला, दारूच्या भरात ठार मारून पाण्यात टाकलं, आणि याच जज्जसाहेबांनी त्याला फाशी दिली, त्याला चौदा वर्षं झाली. पुढे सायलसने तिच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा अख्खं गाव श्वास रोखून बसलं होतं. जज्जसाहेब एवढंच म्हणाले होते, "बापाचा गुन्हा मुलीच्या वाट्याला येत नाही." त्या वाक्यावर नोरा आजवर या घरात जगत आली होती.

दारावर थाप पडली. नोरा उभीच होती, म्हणून तीच गेली.

दारात एक म्हातारा उभा होता. पांढरी दाढी, अंगात लाकूडतोड्यांचा जाड कोट, हातात टोपी. "जज्ज इथंच राहतात ना? शेरीफकडे गेलो होतो. तो म्हणाला, मी बँडच्या तालमीत आहे, उद्या ये. पण उद्यापर्यंत माझी हिंमत टिकेल की नाही, सांगता येत नाही, बाई."

"कोण आहे, नोरा? आत आण," जज्जसाहेबांनी हाक दिली. स्वारी आज खुशीत होती. "रविवारचं जेवण चाललंय. ताट एक जास्त झालं तर काय बिघडतं?"

म्हातारा आत आला आणि टेबलापाशी थांबला. सासूबाईंनी, अल्मायरा हॅस्किन्सनी, त्याच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. त्यांच्या गालिच्यावर बुटांनिशी यायची सायलसचीही छाती नव्हती.

"बसा," जज्जसाहेब म्हणाले. "काय काम आहे?"

"उभाच बरा आहे, साहेब. मला स्वतःला तुमच्या स्वाधीन करायचंय. मी माणूस मारलाय. जुनी गोष्ट आहे."

वॉरनने कागद खाली ठेवले. "हे बघा, आज कोर्ट बंद आहे. तुम्ही उद्या सकाळी..."

"थांब," जज्जसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कुणाला मारलंत?"

"डेनिस गॅरिटीला. इथल्या तराफ्यापाशी."

 आपल्या हातातला रस्सा कलंडून टेबलावर सांडतोय, हे नोराला दिसत होतं, पण ते थांबवायचं तिला सुचत नव्हतं. सायलसने उठून भांडं तिच्या हातून काढून घेतलं.

"तुमची काहीतरी चूक होतेय," वॉरन सावकाश म्हणाला. "डेनिस गॅरिटीला फाशी झाली."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. "फाशी? तो तर वाळूवर मरून पडला होता. मी स्वतः बघितलाय. फाशी कशाबद्दल?"

"लेम स्ट्राउडच्या खुनाबद्दल," जज्जसाहेब म्हणाले.

म्हाताऱ्याचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. डावा हात. त्याला शेवटची दोन बोटं नव्हती. नोराने तो हात पाहिला आणि ओळखला. लहानपणी याच हाताने तो तिला फसवायचा. तुझ्या कानामागे माझी बोटं लपली आहेत म्हणायचा, आणि ती खरंच शोधायची.

"पण लेम स्ट्राउड तर मी आहे," म्हातारा म्हणाला.

सासूबाईंच्या तोंडून "एबेन" एवढंच निघालं. त्या नवऱ्याला लोकांसमोर कधी नावाने हाक मारत नसत. घरातसुद्धा जज्जसाहेबच म्हणत.

जज्जसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, नीट घडी घालून ताटाशेजारी ठेवला, आणि विचारायला सुरुवात केली. कोर्टात विचारत तसंच, एकेक.

"त्या संध्याकाळी काय झालं?"

"पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाका मारत होतं. तराफा घेऊन कुणी जायचं यावरून आमची जुंपली. दोघंही प्यालेलो होतो. मी वल्हं उचललं आणि घातलं त्याच्या डोक्यात. पडला तो. रक्त थांबेना. मी अंगातला कोट काढून त्याच्या डोक्याखाली घातला, दाबून धरला. नाकाशी हात नेला तर श्वास लागेना. मग मी पळालो. नदी पोहून गेलो, तिथून कॅनडाच्या जंगलात."

"कोट तिथंच टाकलात?"

"हो. रक्ताने भिजला होता."

"तो कोट कोर्टात माझ्यासमोर ठेवला होता," जज्जसाहेब म्हणाले. "गॅरिटी शुद्धीवर आला तेव्हा कोट त्याच्या जवळ होता आणि तुम्ही नव्हता. त्याच्या डोक्यावरची जखम आम्ही झटापटीतली धरली. वसंतात नदीच्या खालच्या अंगाला एक प्रेत लागलं. चेहरा राहिला नव्हता. डावा हातही नव्हता."

"ते कुणाचं होतं मग?" सायलसने विचारलं.



"इतकी वर्षं तुम्ही काही ऐकलं नाहीत?" वॉरनचा आवाज चढला. "कुठे वाचलं नाहीत?"

"मला वाचता येत नाही. आणि विचारणार कुणाला? ज्याला मारलं त्याच्याबद्दल माणूस चौकशी करत नाही, साहेब." तो नोराकडे वळला. तिच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असावं. "बाई, तुम्ही..."

"मी नोरा. तराफ्यावरची."

म्हातारा मटकन खुर्चीत बसला. कुणीही न सांगता.

"बाबांना काही आठवत नव्हतं," नोरा म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "कोर्टात ते तेवढंच म्हणत होते. मला आठवत नाही, मला आठवत नाही. आणि जज्जसाहेब म्हणाले, 'निरपराध माणसाला आठवतं.' मी मागच्या बाकावर होते. मी ते ऐकलं."

वॉरनने खुर्ची मागे ढकलली. त्या खटल्यात गॅरिटीचा वकील तोच होता. नुकता वकील झालेला, चोवीस वर्षांचा. गावात दुसरा वकीलच नव्हता, म्हणून बापाने मुलाला नेमलं होतं. "तसं बोलायला मी सांगितलं होतं त्याला," तो म्हणाला. "दुसरं काय करणार होतो? तुरुंगात तो मलाच विचारायचा. 'वॉरनसाहेब, मी मारलं असेल का हो लेमला?' त्याला स्वतःलाच खात्री नव्हती, नोरा. मी म्हटलं, असलं काही तोंडातून काढू नकोस, आठवत नाही एवढंच म्हण. माझा पहिला खटला होता तो."

बाबांनाही वाटत होतं की आपण मारलं. म्हणजे फासाकडे जाताना त्यांच्या मनात तेच होतं. आपल्या हातून जिवलग मित्र गेला, असं समजून ते गेले.  सायलसने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिला जड वाटला, पण तिने झटकला नाही.

वॉरन खिडकीकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्यातला वकील जागा झाला होता. "सगळ्यांनी शांतपणे ऐका. या गृहस्थाला गावात कुणी ओळखलेलं नाही. साडेचारची गाडी आहे. मी स्वतः स्टेशनवर पोचवतो. निवडणूक होऊ दे. मी खुर्चीवर बसलो की पहिलं काम हेच. नोरा, तुझ्या वडिलांचं नाव मी धुऊन काढीन, शब्द देतो. पण आज हे बाहेर फुटलं तर बाबांचा एकेक निकाल लोक उकरून काढतील. जमिनींचे, वारशांचे, सगळे. गाव एकमेकांच्या उरावर बसेल."

"तुझं मत जाईल असं म्हण ना, दादा," सायलस म्हणाला.

"तू गप्प बस. तुला कळतंय का आपण कशाबद्दल बोलतोय?"

"माझ्या बायकोच्या बापाबद्दल. मला कळतंय. आणि हा माणूस साडेचारच्या गाडीत बसणार नाही, हेही कळतंय." सायलस उठून दाराशी जाऊन उभा राहिला. घोड्यांचा व्यापार करणारा, आजवर भावासमोर चेष्टेखेरीज उलट न बोललेला माणूस. नोरा त्याच्याकडे बघत राहिली.

"सायलस, तुझ्या वडिलांचं वय बघ," सासूबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुला माहीत आहे. नोरा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मेलेला माणूस परत येणार नाही. यांचं मात्र काही झालं तर..." 

सगळे नोराकडे बघत होते. इतक्या वर्षांत या टेबलावर तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

"फाशीच्या दिवशी मला तुरुंगात न्यायला आईने माझं बोट धरलं होतं," नोरा म्हणाली. ती जज्जसाहेबांशी बोलत होती, दुसऱ्या कुणाशी नाही. "मी बोट सोडवून पळाले. लपून बसले. आई म्हणत होती, तुझा बाप असं करणार नाही. मला ते खोटं वाटलं, कारण तुम्ही दुसरं सांगितलं होतंत. आई वर्षभरात गेली. मी तिच्याशी नीट बोलतसुद्धा नव्हते. मग तुम्ही मला या घरात घेतलंत, आणि मी रोज प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायला लागले. आईचं नाही. बाबांचं तर नाहीच." ती थांबली. "मला काय हवंय ते मला माहीत नाही, जज्जसाहेब. मला विचारू नका."

जज्जसाहेबांनी घडी घातलेला रुमाल सांडलेल्या रश्शावर टाकला. मग उठले. "माझी टोपी," ते म्हणाले. "लोक वाट बघत असतील. स्ट्राउड, तुम्ही माझ्याबरोबर चला."

वॉरनने भाषणाचे कागद गोळा केले. बाप काय करणार आहे, हे त्यालाही कळलं नव्हतं. रस्ताभर तो त्यांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होता, आणि जज्जसाहेब मान हलवत होते. ती मान हो म्हणत होती की नाही, हे मागून चालणाऱ्या नोराला ओळखता आलं नाही.

आवारात सगळं गाव लोटलं होतं. बायकांनी केक मांडले होते, झाडांना पताका होत्या. बँड वाजला, थांबला. वॉरन बोलायला पुढे होतोय तोच जज्जसाहेबांनी त्याला हाताने बाजूला केलं, आणि मंचाच्या कठड्याशी आले.

"माझ्या मुलाने चांगलं भाषण लिहिलंय," ते म्हणाले. "ते आता वाचता येणार नाही. तुमच्यातल्या पुष्कळांना डेनिस गॅरिटी आठवत असेल. लेम स्ट्राउडच्या खुनासाठी मी त्याला फाशी दिली. हा माझ्याशेजारी उभा आहे तो लेम स्ट्राउड. तो जिवंत आहे. खून झालाच नव्हता. मी निरपराध माणूस फासावर दिला."

नोराला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. काहीच झालं नाही. पाठीमागच्या बाकांवर कुणीतरी केक खात होतं ते खायचं थांबलं, एवढंच. मग एक बाई दुसरीच्या कानात बोलली, आणि नोराच्या जवळच कुणीतरी हळहळत म्हणालं, "अरेरे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

अमोस टॅकेट पुढे आला. लोहार. त्या ज्यूरीचा तोच प्रमुख होता. तो दमदाटीने नाही, अगदी मायेने बोलला. "जज्जसाहेब, ऊन फार आहे. तुम्ही बसा. प्रेत आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. हा कुणीतरी भटक्या दिसतोय, तुम्हाला फसवतोय."

"त्याचा हात बघ, अमोस."

"या मुलुखात लाकडाच्या गिरणीत बोटं न गेलेला माणूस मला दाखवा." थोडे लोक हसले. हसण्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ज्यूरीतले आणखी दोघं गर्दीत होते. त्यांनीही माना डोलावल्या. अमोस वॉरनकडे वळला. "वॉरन, वडिलांना घरी ने बाबा. आम्ही समजू शकतो."

हे नोराच्या ध्यानीमनी नव्हतं. जज्जसाहेब बोलणार नाहीत अशी तिला भीती वाटत आली होती. ते बोलले, आणि ते कुणालाच नको होतं. आजवर त्यांच्या शब्दावर माणसं जगली नि मेली, आणि आज पहिल्यांदाच त्यांचा शब्द कुणी घेत नव्हतं.  वॉरन पुढे आला. एक होकार दिला की झालं, एवढंच काम होतं त्याला. त्याने तोंड उघडलं, बापाकडे बघितलं आणि मिटलं.

नोरा मंचाच्या पायऱ्या चढली. सायलस हात द्यायला धावला तोवर ती वर पोचली होती.

"हा लेम स्ट्राउड आहे," ती म्हणाली. आवाज पुरेसा मोठा निघाला नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली. "मी गॅरिटीची मुलगी. हा आमच्या घरी जेवायचा. माझ्या बापाला मीच खुनी म्हणत आले, तुमच्या सगळ्यांच्या बरोबरीने. याला खोटं ठरवायचं कारण माझ्याजवळ तुमच्यापेक्षा जास्त आहे, टॅकेटकाका. पण हा तोच आहे."

अमोसच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो स्ट्राउडकडे निरखून बघायला लागला.

"अमोस," स्ट्राउड चाचरत म्हणाला, "तुझं ते तांबडं खेचर मीच बुडवलं होतं. तराफा हलला तेव्हा. तू मला वर्षभर शिव्या देत होतास."

अमोस टॅकेट मागे सरकला आणि गवतावर बसला. एवढा मोठा माणूस, बसला आणि तोंड हातांत धरलं.

"डोकं फिरलं म्हणाल तर माझ्या नवऱ्याचं फिरलेलं नाही," खालून आवाज आला. अल्मायरा हॅस्किन्स उभ्या होत्या, हातमोजे चढवलेले, टोपीची रिबन नीट बांधलेली. घरापासून त्या रडत आल्या होत्या हे साऱ्या गावाला दिसत होतं. "मी त्याच घरात राहते. त्यांना जे म्हणायचंय ते ऐकून घ्या."

जज्जसाहेबांनी मग सगळं सांगितलं. कोट, वल्हं, नदीतलं प्रेत, आणि स्वतःचं ते वाक्य. उद्या सकाळी कोर्टात हे सगळं शपथेवर लिहून घेतलं जाईल आणि त्यानंतर आपण खुर्ची सोडू, राज्य होईपर्यंत थांबणार नाही, असंही सांगितलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक आपापल्या पोरांना गोळा करून निघून गेले. मांडलेल्या केकना कुणी हात लावला नाही. वॉरन एकटाच मंचाच्या कडेला कागद मांडीवर घेऊन बसून राहिला. कुणी त्याला हाक मारली नाही, आणि त्यालाही ती नको असावी.

स्ट्राउड टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला अटक करायची की नाही, शेरीफला कळत नव्हतं. गुन्हा कोणता लावायचा, तेही कळत नव्हतं. हॉटेलवाल्याने तर जागा नाही म्हणून आधीच सांगून टाकलं.

"आमच्याकडे चला," नोरा म्हणाली.

सायलसने तिला बाजूला घेतलं. "नोरा, त्याने तुझ्या बापाच्या डोक्यात वल्हं घातलं होतं. त्याच्यापायी हे सगळं झालं."

"माहीत आहे. पण बाबांना ओळखणारं आता दुसरं कोण उरलंय?"  "ते कसे हसायचे, मला आठवत नाही, सायलस. मी इतकी वर्षं आठवूच दिलं नाही. त्याला विचारायचंय मला."

सायलस गाडी जोडायला गेला.

तिघं गाडीत बसले तेव्हा जज्जसाहेब आवाराच्या फाटकाशी उभे होते. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला होता. गाडी जवळ आली तशी त्यांनी टोपी काढली. सुनेला मान देऊन त्यांनी आजवर ती कधी काढली नव्हती.

"गॅरिटीबद्दल बोलाल ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मी त्याला फक्त पिंजऱ्यात बघितलं. मला... ऐकायला येता येईल का, नोरा?"

नोराने त्यांच्याकडे बघितलं. सकाळपर्यंत ती ज्यांचं नाव प्रार्थनेत घेत होती, ते हेच. राग शोधला तर सापडत होता, दयाही सापडत होती. दोन्हींपैकी एकही तिला या क्षणी पुरत नव्हतं.

"आज नको," ती म्हणाली.

सायलसने लगाम हलवला.